पेद्रो कामाचोचे मराठी भाऊबंद

कौटुंबिक मालिकांच्या पडद्यामागील जगावर लिहिल्या गेलेल्या विनोदी कादंबऱ्यांत अग्रस्थानी ठेवावी अशी कादंबरी दूरचित्रवाणीवर नव्हे तर नभोवाणीवर बेतलेली आहे, आणि तिची कथा पेरू देशाची राजधानी असलेल्या लिमा शहरात १९५०च्या दशकात घडते. मारियो वार्गास योसा यांची ही कादंबरी १९७७ साली स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाली, १९८२ साली 'आंट जुलिया अँड द स्क्रिप्टरायटर' या नावाने इंग्रजीत आली आणि पुढे २०१० साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखकाची सर्वांत खेळकर कृती म्हणून ओळखली गेली. तिच्यातील मालिकालेखकाचे दुखणे मात्र केवळ लिमाचे नाही. मराठी दैनंदिन मालिका ज्या रीतीने लिहिली व चित्रित केली जाते ती रीत पाहिली, तर तेच दुखणे येथेही पावलोपावली भेटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येते. १९३०च्या दशकात अमेरिकन नभोवाणीवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी क्रमशः नाटके लागत, त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार उचलत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. त्यांतील 'गाइडिंग लाइट' ही मालिका १९३७ साली नभोवाणीवर सुरू होऊन पुढे दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९पर्यंत चालली. भारतात हा प्रकार मेक्सिकोच्या वाटेने आला. कथेतून समाजशिक्षण देण्याचा तेथील प्रयोग आपल्याकडे व्हावा असा आग्रह विदर्भातील नेते व तत्कालीन केंद्रीय मंत्री वसंत साठे यांनी धरला, आणि ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. तिचा खर्च साबणाऐवजी नूडल्सच्या जाहिरातीने उचलला. तिचे लेखक मनोहर श्याम जोशी हे 'कुरु कुरु स्वाहा'सारख्या विनोदी, तिरकस कादंबरीचेही लेखक होते, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

योसांच्या कादंबरीत लिमाचे नभोवाणी केंद्र आधी क्युबाहून आयती संहिता विकत घेते, आणि पाने वाचणे अशक्य असल्यामुळे ती वजनावर घेते. वाटेत काही पाने भिजतात, काही उंदीर खातात, आणि मधला मजकूर कोणीतरी मनाने जुळवतो. या कटकटीला कंटाळून मालक बोलिव्हियाहून पेद्रो कामाचो नावाच्या लेखकाला आणतात. कामाचो ठेंगणा, गंभीर आणि कलेला वाहिलेला गृहस्थ आहे. तो पुदिन्याचा काढा पीत दिवसभर टंकयंत्र बडवतो, एकाच वेळी अनेक मालिका लिहितो, आणि पात्राच्या मनात शिरता यावे म्हणून त्या त्या पात्राचा वेष चढवून लिहायला बसतो. त्याचा प्रत्येक नायक पन्नाशीचा, रुंद कपाळाचा आणि गरुडनाकाचा असतो. अर्जेंटिनाच्या लोकांविषयीचा त्याचा द्वेष कोणत्याही कथेत वाट काढतो, आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीची तक्रार येते.

कादंबरीची रचना मोठी चतुर आहे. एका प्रकरणात तरुण निवेदकाची स्वतःची प्रेमकथा, तर पुढच्या प्रकरणात कामाचोची एखादी मालिका, असा क्रम चालतो. प्रत्येक मालिका ऐन रंगात आल्यावर प्रश्नचिन्हांवर तोडली जाते. काही प्रकरणांनंतर वाचकाला जाणवते की एका मालिकेतील डॉक्टर दुसऱ्या मालिकेत भलत्याच पेशात वावरतो आहे, मागे मेलेला माणूस पुन्हा बोलतो आहे आणि नावांची सरमिसळ झाली आहे. कामाचोला स्वतःची पात्रे आठवेनाशी झाली आहेत. त्यावर त्याला सुचलेला उपाय अघोरी असला तरी तर्कशुद्ध आहे. आग, भूकंप आणि जहाजबुडी घडवून तो सर्व पात्रांचा निकाल लावतो, म्हणजे पाटी कोरी होऊन नव्याने आरंभ करता येईल. श्रोते चक्रावतात आणि लेखक वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. विनोदाच्या पोटात केवढे कारुण्य मावू शकते, हे या प्रकरणांत दिसते.

या वेडाचे मूळ लेखकाच्या स्वभावापेक्षा कामाच्या मोजमापात आहे. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता सुमारे बावीस मिनिटांचा मजकूर उरतो. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग, म्हणजे जवळजवळ ११४ तासांचे कथानक लागते. अडीच तासांचा एक चित्रपट धरल्यास ते पंचेचाळीसहून अधिक चित्रपटांएवढे होते. ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' तर तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढे लेखन एका हाताला अशक्य असल्यामुळे कथा, पटकथा आणि संवाद यांची वाटणी होते. कथालेखक पुढील काही आठवड्यांचा 'ट्रॅक', म्हणजे कथेचा एक पदर, ठरवतो, पटकथाकार त्याचे प्रसंग पाडतो आणि संवादलेखक त्या प्रसंगांना वाचा देतो. चित्रित होऊन तयार असलेल्या भागांच्या साठ्याला 'बँक' म्हणतात. ती भरलेली असली तर सारे गोडीगुलाबीने चालते, आणि ती आटली की सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होऊन लगोलग संकलनाकडे धाडला जातो, अशी पाळी येते.

त्यातच दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. टीआरपी म्हणजे निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढलेला प्रेक्षकसंख्येचा अंदाज. आकडा पडला की ट्रॅक वळवला जातो, खलनायिकेला अपेक्षेपेक्षा जास्त पसंती मिळाली की तिचा तुरुंगवास पुढे ढकलला जातो, आणि कुणी कलाकार सोडून गेला तर कथेत अपघात, परदेशप्रवास किंवा नवा चेहरा येतो. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतील शनाया २०१८ साली एका अभिनेत्रीकडून दुसरीकडे गेली आणि पुढे पहिलीकडे परतली. तिचा प्रियकर गुरुनाथ याला मात्र, कथेच्या नियमाप्रमाणे, काहीच वेगळे दिसले नाही. 'होणार सून मी ह्या घरची'मधील जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की घराघरांत त्याचे विनोद झाले. कामाचोला स्मृतिभ्रंशामुळे जे करावे लागले ते येथे बाजाराच्या गणितामुळे करावे लागते, एवढाच दोघांतील फरक आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आली तेव्हा हे गणित उघड्यावर आले. मराठी मालिकांचे ताफे गोवा, सिल्वासा आणि अन्य ठिकाणी गेले, आणि ज्या कुटुंबाची भांडणे एका दिवाणखान्यात चालत ते एकाएकी परमुलखात वावरू लागले. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवली, तेव्हा पुन्हा बोजाबिस्तरा आवरावा लागला. कामाचोने भूकंप कल्पनेतून आणला होता, मराठी लेखकांवर तो बाहेरून कोसळला. तरीही बहुतेक मालिका चालू राहिल्या, आणि या चिकाटीचे कौतुक समीक्षकांनी केले नाही हे खेदाने नोंदवावे लागते.

चित्रीकरणाचा भूगोलही अलीकडे बदलला आहे. मुंबईच्या फिल्मसिटीतील दिवाणखान्यांबरोबर कोल्हापूर, सातारा, वाई आणि भोर या भागांतील खरी घरे व वाडे वापरात आले. पुणे–सातारा महामार्गावरील कापूरहोळहून आत वळले की नीरेकाठचे भोर लागते. पंतसचिव घराण्याच्या या संस्थानी गावातील राजवाडा अनेकदा कॅमेऱ्यासमोर आला आहे. भोरलगतच्या उत्रोलीसारख्या गावातून या भागात फिरणाऱ्याला अशा ठिकाणी जे पाहायला मिळते ते थक्क करणारे असते. भर दुपारी खिडक्यांना काळे कापड लावून रात्र केली जाते. खऱ्या वाड्याच्या खऱ्या तुळशीवृंदावनावर चौकटीत बसत नाही म्हणून फुली पडते आणि फायबरचे वृंदावन येते. पडद्यावर उभा दावा मांडलेल्या सासू-सुना एकाच ताटातील भजी वाटून खातात, आणि भिंतीपलीकडचे गावकरी कोणाला कोणाशी लग्न करायला लावावे याविषयी 'स्पॉट दादा'ला, म्हणजे सेटवर चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या मदतनिसाला, ठाम सूचना देतात. तो त्या ऐकून घेतो, कारण वरून येणाऱ्या सूचनांपेक्षा त्या बहुधा शहाणपणाच्या असतात.

मराठी विनोदाचा मालिकांशी संबंधच आला नाही असे नव्हे. चि. वि. जोशी यांचा चिमणराव १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने अवतरला, आणि प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. या दोन्ही मालिका साप्ताहिक होत्या, आणि माणसाच्या बारीक लकबी टिपण्याची त्यांची सवड त्या सात दिवसांच्या अंतरातून आली होती. पुढे 'चला हवा येऊ द्या'ने दैनंदिन मालिकांची विडंबने घराघरांत पोहोचवली. विडंबन मात्र पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीची टर उडवते. ती गोष्ट तशी का झाली, सात वाजता वाहिनीकडून आलेल्या दूरध्वनीने नायिकेच्या वडिलांना पुन्हा जिवंत का करावे लागले, हे सांगण्यासाठी कादंबरीचा ऐसपैस अवकाश लागतो.

अशा मराठी कादंबरीचा नायक अभिनेता किंवा निर्माता नसावा, तो संवादलेखक असावा. दिवाणखान्यातील रडण्याला शब्द पुरवणारा, श्रेयनामावलीत क्षणभर चमकणारा आणि घरी स्वतःच्या बायकोशी बोलताना नकळत 'हुक पॉइंट'वर, म्हणजे भागाअखेरच्या उत्कंठेच्या जागेवर, थांबणारा माणूस. मालिकांना हसणे सोपे आहे, कारण त्या रोज दिसतात. त्यांच्या लेखकाला हसताना मात्र योसांनी दाखवलेली माया हवी. वर्षाला तीनशे बारा वेळा रडवण्याचा करार केलेल्या माणसाकडून शैलीची अपेक्षा धरणारा समीक्षक हा त्या कादंबरीतील सर्वांत विनोदी पात्र ठरेल, आणि त्याला पहिल्याच प्रकरणात जहाजावर चढवून दिले तरी वाचकांची हरकत नसावी.