पाचामुखी परमेश्वर?

पाचामुखी परमेश्वर, असे आपण सहज म्हणून जातो. एक चुकला तर बाकीचे चौघे सावरून घेतील, हा त्यामागचा हिशेब. काँदॉर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली तो कागदावर मांडून पाहिला.

समजा, एक पंच दहांपैकी सहा वेळा बरोबर निर्णय देतो. असे तीन पंच बसवून बहुमत घेतले, तर शंभरातले सुमारे पासष्ट निर्णय बरोबर येतात. नऊ बसवले तर त्र्याहत्तर. वा, छान! पण थांबा. पंच दहांपैकी चारच वेळा बरोबर येणारा असेल, तर तिघांचे बहुमत पस्तिसांवर घसरते. माणसे वाढली की शहाणपण वाढते, तसा अडाणीपणाही वाढतो.

शिवाय या गणिताच्या पोटात आणखी एक अट दडलेली आहे: प्रत्येकाने आपल्या डोक्याने विचार केलेला हवा. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यावरचे वजन ओळखायची पैज होती. फ्रान्सिस गाल्टनने नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज निघाला १२०७ पौंड. खरे वजन ११९८! प्रत्येकाने पैसे मोजून आपापली चिठ्ठी भरली होती. तिथे कोणी भाषण ठोकले नव्हते. आता आमच्या समित्या पाहा. अध्यक्ष आधी बोलतात, मग आम्ही माना डोलावतो. कागदावर सह्या सात, मत एकच.

समितीत फार तर एखादे बिल चुकेल. खुनाच्या खटल्यात काय होते? नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्यावर १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला चालला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू हिरीरीने उचलून धरली होती. शहरात दुसरा विषय नव्हता. ज्युरीतल्या नऊ जणांपैकी आठ जण म्हणाले, दोषी नाही. काँदॉर्सेच्या गणिताने हा कौल भक्कमच. पण आठांपैकी स्वतंत्र मते किती, हे हात मोजून कसे कळावे?

न्यायाधीशांना कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. मौज अशी की, ज्युरीला खटला समजावून सांगताना त्या न्यायाधीशांच्याही चुका झाल्याचे तिथे आढळले. म्हणजे नऊ जण चुकले आणि एकटा शहाणा ठरला, असेही सरळ म्हणता येत नाही. नऊही जणांनी ऐकले होते ते एकच सदोष विवेचन. ते नऊ वेळा ऐकल्याने सुधारणार थोडेच!

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक असे दोघेच होते. दोघांनी निकालपत्रे वेगवेगळी लिहिली. शेलतांनी विवेचनातल्या चुका दाखवून सारा पुरावा नव्याने तपासला. नाईकांनी मुख्यतः असे धरले की, समंजस माणसे या पुराव्यावर असा कौल देऊच शकली नसती. वाटा दोन, मुक्काम एक: खून, जन्मठेप. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.