‘डी’मध्ये थरथर, ब्रेकवर बंद

सोलापूर–विजयपूर महामार्गावरून येताना मंद्रूपच्या गतिरोधकाशी जुनी ऑटोमॅटिक गाडी बंद पडली, की संशय थेट गिअरबॉक्सवर. बहुधा तो उगाच असतो. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभ्या गाडीतही टॉर्क कन्व्हर्टरची ओढ इंजिनावर असतेच, त्यात एसी. मिनिटाला साधारण 700-800 फेरे घेणारं अशक्त इंजिन मग दम सोडतं.

आधी ‘एन’ टाकून पाहा. थरथर तिथेही असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल व्हॉल्व्ह, चिरलेला व्हॅक्यूम पाइप, प्लग तपासा. या धुळीच्या मुलखात एअर फिल्टर तर पहिलाच. फक्त ‘डी’त थरथरत असेल तर इंजिन माउंटही बघा.

लांब पल्ल्यानंतर, गरम गाडी नेमकी थांबताना बंद पडते? मग मात्र कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच सुटत नसेल, आणि गिअरबॉक्सवरचा संशय खरा ठरेल.