पिशवीतले केसपेपर
लेखमाला : निदानाच्या शोधात (लेखांक पाचवा)

दुर्मिळ आजाराचे नाव कळायला किती वेळ जातो, याचा एक अंदाज युरोपातून मिळतो. ४१ देशांतल्या रुग्णांची एक मोठी पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात निदानाला सरासरी पावणेपाच वर्षे लागल्याचे दिसले, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त थांबावे लागले. तिथे निदान एक सबब तरी असते : समोरच्या डॉक्टरने तो आजार जन्मात पाहिलेला नसतो. भंडारा जिल्ह्यात सिकलसेलच्या बाबतीत ही सबब चालत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. आज गावच्या आशाताईंनाही एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) पॅटर्न ठाऊक असतात. तरीही एसएस पॅटर्नचे पोर ‘रक्त कमी’, ‘कावीळ’ आणि ‘वात’ अशी तीन नावे घेऊन तीन दवाखाने फिरू शकते. अज्ञान हे यामागचे पुरेसे कारण नाही. खरे कारण आजाराच्या स्वभावात आणि केसपेपरच्या रचनेत आहे, आणि ते ध्यानात घेतले तर रुग्णाने तोंड उघडणे का गरजेचे आहे तेही कळते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन सदोष असते. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. जिथे अडकेल तिथे दुखणे उभे राहते. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात, मोठ्या मुलाची हाडे ठणकतात, कधी छातीत भरते, तरुणपणी खुब्याचा सांधा झिजतो, क्वचित लहान वयात लकवाही येतो. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच संपते. म्हणून रक्त सतत कमी आणि डोळे पिवळे. आता यातले एकेक लक्षण सुटे करून पाहा. पिवळ्या डोळ्यांना कावीळ हे सोपे उत्तर आहे, मग झाडपाल्याचे औषध आलेच. खुबा दुखतो तर हाडाचा क्षय किंवा वात. ताप आणि सांधे एकदम धरले तर संधिवाताचा ताप. फिकेपणाला लोहाच्या गोळ्या. रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यात उभे राहून अंग धरले तर तो थकवाच, कारण तेव्हा कोणाचे अंग दुखत नाही? पण गारठा, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे, या तीनही गोष्टी सिकलसेलचे दुखणे उठवतात. त्या त्या दिवशीचा डॉक्टरचा तर्क बहुधा वाजवीच असतो. आजार मात्र वर्षांवर पसरलेला असतो, आणि केसपेपर एका दिवसाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलतात, खासगी दवाखाना तुमसरचा, रक्त चढवले भंडाऱ्याला, फोटो काढला नागपूरच्या मेडिकलमध्ये. हे सगळे कागद एकत्र सापडतात ते फक्त रुग्णाच्या घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. सबंध आजार पाहिलेला माणूस एकच असतो : स्वतः रुग्ण, किंवा त्याची आई. असे लांबवर पाहण्याचे मोल या आजाराच्या इतिहासातही दिसते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांचा या आजारावरचा पहिला शोधनिबंध १९१० सालचा. त्यांच्या सहायकाने, अर्नेस्ट आयर्न्स यांनी, एका रुग्णाच्या रक्तातल्या त्या विचित्र पेशी १९०४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. निबंधाला वजन आले ते त्याच एका रुग्णावर सुमारे अडीच वर्षे ठेवलेल्या नजरेने, आणि तेवढे करूनही हेरिक आजाराला नाव देऊ शकले नाहीत.

म्हणून रुग्णाने स्वतःसाठी बोलणे म्हणजे डॉक्टरला डॉक्टरकी शिकवणे नव्हे. डॉक्टरकडे नसलेला पुरावा त्याच्या टेबलावर ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. कोणत्या साली, कुठे दुखले, तेव्हा हिमोग्लोबिन किती होते, रक्त किती वेळा चढवले, कोणते भावंड लहानपणी गेले, नात्यात कोणाला एएस निघाले, हे एका कागदावर तारखेवार लिहून न्यावे आणि सरळ विचारावे : सिकलसेलची तपासणी झाली आहे का, आणि कोणती? हे ‘कोणती’ महत्त्वाचे. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. माणूस वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही, कारण बाळाच्या अंगात अजून गर्भातले हिमोग्लोबिन बरेच असते. शिवाय नुकतेच रक्त चढवले असेल तर नमुन्यात रक्तदात्याच्या पेशी मिसळतात आणि अहवाल फसवा येतो. नमुना रक्त चढवण्याआधी द्यावा, नाहीतर साधारण तीन महिने थांबावे. दुसऱ्या दवाखान्यात रक्त चढवले हे प्रयोगशाळेला आपोआप कळत नाही, ते सांगावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की जो तो तपासण्या मागू लागला तर दवाखाने कोलमडतील. थायरॉइडपासून एमआरआयपर्यंतच्या तपासण्यांना तो कदाचित लागू पडेल, इथे नाही. माणसाचा पॅटर्न जन्मभर बदलत नाही, त्यामुळे एकदा नीट झालेली एचपीएलसी पुन्हा करावी लागत नाही. उलट निदानाशिवाय लागलेल्या सलाईनी आणि लोहाच्या बाटल्या दरवर्षी लागतच राहतात. पण या आक्षेपात एक खरी गोष्ट दडली आहे. एएस पॅटर्नचा माणूस सहसा आजारी नसतो. गुडघा दुखला, चक्कर आली की तो ‘सिकल’वर ढकलला जातो, आणि मग खरे कारण शोधायचे राहून जाते. स्वतःची बाजू मांडणाऱ्याला ‘हा तो आजार नाही’ हे उत्तरही घेता आले पाहिजे. माझ्या मते हीच बाजू कमी सांगितली जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. हे काम यंत्रणेचे आहे, आजारी माणसावर त्याचा भार का? बरोबर आहे, आणि यंत्रणा हलते आहेही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. मात्र त्याचा रोख आदिवासी भागांवर आहे. भंडारा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार आदिवासी साधारण ७ टक्के आणि अनुसूचित जाती साधारण १७ टक्के. विदर्भात हा दोष गोंड आणि परधान यांच्याप्रमाणेच बौद्ध समाजातही आहे, आणि इतर जातींतही तो सापडतो. राज्याचा सिकलसेल कार्यक्रम इथे आहे, पण चाळिशी ओलांडलेली बाई किंवा कामासाठी पुण्याला गेलेला मुलगा शिबिराच्या यादीत कुठून येणार? पुण्यातल्या डॉक्टरला हा आजार चटकन सुचेलच असे नाही. तिथे ‘आम्ही भंडारा जिल्ह्याचे’ हे वाक्यही पुराव्याचाच भाग ठरते. शिवाय यंत्रणा आपसूक हललेली नाही. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, यामागेही मागण्यांचा रेटा होता.

तिसरा आक्षेप घराच्या उंबऱ्याआत बोलला जातो : नाव कळले तर मुलीचे लग्न मोडेल. ही भीती खोटी नाही, आणि भरावी लागते ती किंमत बहुधा मुलगीच भरते. पण न कळण्याची किंमतही तीच भरते. एसएस पॅटर्नची बाई निदानाशिवाय बाळंतपणाला गेली तर जिवावर बेतू शकते. निदान झाले तर तिला हायड्रॉक्सियुरिया, लसी, फॉलिक अ‍ॅसिड आणि जोखमीच्या बाळंतपणाची देखरेख मिळू शकते. आणि दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता चारात एक. म्हणजे निम्मा प्रश्न नवऱ्या मुलाच्या रक्ताचा आहे, मग पत्रिकेसोबत त्याचाही अहवाल आधी मागायला काय हरकत आहे? तोही सोल्युबिलिटीचा नको. मुलगा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते, घरचे निर्धास्त होतात, आणि एएस बायकोपासून त्याला होणाऱ्या बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. एचपीएलसी दोघांचीही हवी.