सर्वांचे ते सामाईक, एकाचे ते त्याच्यापाशी: जावा वेब ॲप्लिकेशनमधला कॉन्टेक्स्ट

जावात लिहिलेले वेब ॲप्लिकेशन सर्व्हरवर सुरू होते, तेव्हा पहिल्या माणसाने पान उघडण्याआधीच त्याच्यासाठी एक सामाईक कप्पा तयार झालेला असतो. त्याला ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट म्हणतात. त्यात ठेवलेली वस्तू ॲप्लिकेशनच्या कोणत्याही भागाला, कोणासाठीही काम करताना, हाताशी मिळते. ॲप्लिकेशन बंद झाले की कप्पाही जातो.

चिमूरसारख्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात संगणकावर नोंदी होतात असे धरले, तर या कप्प्याची जागा नीट कळते. केसपेपरच्या खिडकीवरचा कर्मचारी सकाळी लॉगिन करतो आणि दुपारी बाहेर पडतो. तेवढा काळ त्याचे सेशन चालते. मधल्या वेळात तो एका रुग्णाचे नाव शोधतो, ती एक रिक्वेस्ट. उत्तर पडद्यावर आले की ती संपली. औषधांची यादी, तपासण्यांची नावे, डेटाबेसकडे जाणारे जोड या गोष्टी मात्र ना एका कर्मचाऱ्याच्या ना एका रुग्णाच्या. त्या साऱ्या दवाखान्याच्या आहेत, म्हणून त्यांची जागा कॉन्टेक्स्टमध्ये.

जावाच्या सर्व्हलेट तंत्रात या कप्प्याला सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट असे नाव आहे. टॉमकॅटसारखा सर्व्हर प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी तो एकच तयार करतो. नाव देऊन वस्तू ठेवायची आणि त्याच नावाने ती मागायची, इतका साधा व्यवहार. ॲप्लिकेशनच्या मांडणीच्या फाईलमध्ये लिहिलेली सुरुवातीची मूल्येही याच्याकडून मिळतात. ती फक्त मजकुराच्या रूपात असतात. ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्यातली (वॉर फाईलमधली) एखादी फाईल वाचायची तर तीही याच्यामार्फतच वाचावी. डिस्कवरचा खरा पत्ता मागून ती उघडण्याची सवय वाईट, कारण गठ्ठा न सोडताच ॲप्लिकेशन चालत असेल तर असा पत्ता मिळतच नाही.

कप्पा भरायचा केव्हा, याचे उत्तर 2001 साली आलेल्या सर्व्हलेट 2.3 या आवृत्तीने दिले. तिच्यात लिस्नर आले. कॉन्टेक्स्ट तयार झाला की लिस्नरची एक मेथड चालते, आणि तो मोडण्याच्या वेळी दुसरी. औषधांची यादी डेटाबेसमधून एकदाच वाचून पहिल्या मेथडमध्ये ठेवली, की दिवसभर प्रत्येक खिडकीला ती तयार मिळते.

2004 मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या स्प्रिंगने हीच कल्पना पुढे नेली. स्प्रिंगचा ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट नुसता वस्तू ठेवण्याचा कप्पा नाही. कोणती वस्तू कोणावर अवलंबून आहे हे पाहून तो त्या स्वतः घडवतो आणि एकमेकींना जोडतो. या वस्तूंना बीन म्हणतात, आणि वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक बीन एका कॉन्टेक्स्टमध्ये एकच असते. जुन्या पद्धतीच्या मांडणीत स्प्रिंगचा मूळ कॉन्टेक्स्ट सर्व्हलेट कॉन्टेक्स्टमध्येच एका ठरलेल्या नावाने ठेवलेला असतो. पडदे सांभाळणारा भाग त्याच्या पोटी दुसरा कॉन्टेक्स्ट काढतो. पोटच्याला मूळ कॉन्टेक्स्टमधले दिसते, मुळाला पोटच्यातले दिसत नाही. ‘बीन सापडली नाही’ या तक्रारीत पुष्कळदा हेच कारण निघते.

दवाखान्याच्या कामात हे तंत्र प्रत्यक्ष कसे चालते, याचा उत्तम नमुना ओपनएमआरएस या खुल्या वैद्यकीय नोंद प्रणालीत आहे. 2004 साली तिचे काम सुरू झाले. ती जावा आणि स्प्रिंगवर उभी आहे. तिच्याच पायावर बहमनी ही प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी घडली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण तिथे येतात, तसेच ते चंद्रपूर-गडचिरोलीतही आहेत. ओपनएमआरएसमध्ये सिकलसेलसारखे निदान ही एक ‘संकल्पना’ असते आणि तिला अनेक भाषांत नावे देता येतात. हा शब्दकोश सर्वांचा. अमक्या मुलीचा अहवाल एएस म्हणजे वाहक आला की एसएस म्हणजे आजारी, ही गोष्ट मात्र तिच्या नोंदीची. ती सामाईक कप्प्यात जाता कामा नये.

या प्रणालीत कॉन्टेक्स्ट नावाचा एक क्लासच आहे. रुग्ण शोधणारी, भेटी नोंदवणारी सेवा त्याच्याकडे मागायची. या सेवा साऱ्या ॲप्लिकेशनला मिळून एकच असतात. लॉगिन केलेला माणूस कोण आणि त्याला काय पाहण्याचा हक्क आहे, ही माहिती मात्र तो क्लास प्रत्येक थ्रेडसाठी, म्हणजे रिक्वेस्टचे काम करणाऱ्या सर्व्हरच्या प्रत्येक धाग्यासाठी, वेगळी ठेवतो. रिक्वेस्ट आली की एक फिल्टर सेशनमधून ती माहिती घेऊन थ्रेडला जोडतो आणि उत्तर गेले की काढून टाकतो. हे काढून टाकणे फार मोलाचे आहे. सर्व्हर तेच थ्रेड पुन्हा पुन्हा वापरतो. डॉक्टरचा हक्क थ्रेडला चिकटून राहिला, तर पुढच्या रिक्वेस्टला, ती कोणाचीही असो, तोच हक्क मिळू शकेल.

याच जातीची चूक सामाईक बीनमध्ये सर्रास होते. ‘सध्याचा रुग्ण’ असे एक चल त्यात ठेवले जाते. लिहिणाऱ्याच्या संगणकावर तो एकटाच असल्याने सारे ठीक चालते. ओपीडीत चार खिडक्या एकदम सुरू झाल्या की एकीच्या पडद्यावर दुसरीच्या रुग्णाचे नाव येते.

टोकन क्रमांकाचेही तसेच. कॉन्टेक्स्टमध्ये 46 हा आकडा आहे. दोन खिडक्या तो एकाच क्षणी वाचतात, दोघी एक मिळवतात आणि दोन रुग्णांच्या हाती 47 नंबरचे टोकन पडते. वाचणे आणि वाढवणे एकाच अखंड कृतीत करणारा जावाचा गणक (ॲटॉमिकइंटिजर) वापरला तर हे टळते, पण तेवढ्याने भागत नाही. कॉन्टेक्स्ट प्रत्येक जावा यंत्रागणिक वेगळा असतो. गर्दी वाढली म्हणून दुसरा सर्व्हर जोडला की दोन कप्पे, दोन गणक. शिवाय वीज गेली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टोकन डेटाबेसमध्येच हवे. कॉन्टेक्स्टमध्ये तेच ठेवावे जे हरवले तरी पुन्हा वाचून भरता येते.

शेवटी कप्पा मोडण्याची वेळ येते. ओपनएमआरएसमध्ये नवे मॉड्यूल सुरू केले की स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट पुन्हा बांधला जातो, म्हणून ते काम ओपीडी उठल्यावर करावे. साध्या ॲप्लिकेशनमध्येही नवी आवृत्ती चढवताना जुना कॉन्टेक्स्ट जातो. तेव्हा सुरुवातीला उघडलेले सारे लिस्नरच्या दुसऱ्या मेथडमध्ये बंद करावे लागते: डेटाबेसचे जोड, मागे चालणारे थ्रेड, ॲप्लिकेशनने स्वतः नोंदवलेला डेटाबेसचा ड्रायव्हर. त्यातले एक जरी मागे राहिले तरी जुन्या आवृत्तीचे सगळे क्लास मेमरीत अडकून पडू शकतात. टॉमकॅट आपल्या नोंदवहीत तसा इशारा देतो. तो वाचला नाही, तर पुन्हा पुन्हा आवृत्ती बदलल्यावर मेमरी संपून सर्व्हर थांबू शकतो.