रंधा (सुतारकाम)

रंधा हे लाकडाचा पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत किंवा ठरावीक आकाराचा करण्यासाठी वापरले जाणारे सुतारकामातील हत्यार आहे. लाकडी किंवा लोखंडी ठोकळ्यात तिरके बसवलेले पोलादी पाते तळातील फटीतून किंचित बाहेर येते आणि रंधा लाकडावरून सरकवला की पातळ ढलपी निघते. वाकस किंवा पटाशी चालवताना किती खोल कापायचे हे कारागिराचा हात ठरवतो. रंध्यात ते काम तळ करतो. त्यामुळे रंध्याची पारख, घडण आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी तळ, तोंड आणि पाते यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतात.

रचना

लाकडी रंध्याचे मुख्य भाग चार : ठोकळा, तळ, पाते आणि पाचर. पाते ठोकळ्यातील उतरत्या बैठकीवर टेकते व पाचरीने घट्ट धरले जाते. तळातील ज्या फटीतून पात्याची धार बाहेर येते तिला तोंड म्हणतात. लोखंडी रंध्यात बिडाच्या ओतीव सांगाड्यावर पात्यासाठी वेगळी बैठक असते आणि पाते पुढे-मागे करण्यासाठी स्क्रू असतो. लाकडी रंध्यात हेच काम हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी होते. पात्याच्या माथ्यावर ठोकल्यास धार अधिक बाहेर येते. ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोकल्यास पाते मागे सरकते.

कार्यतत्त्व

सर्वसाधारण रंध्यात पाते तळाशी 45 अंशांचा कोन करते. कठीण किंवा उलटसुलट रेषांच्या लाकडासाठी 50 अंश वा त्याहून चढा कोन ठेवतात. पाते तंतूंच्या चढाविरुद्ध गेले, तर ढलपी कापली जाण्याऐवजी धारेच्या पुढे तडकत जाते आणि पृष्ठभागावर उचकटलेले खड्डे पडतात. हे टाळण्याचे मुख्य उपाय असे आहेत : लाकूड योग्य दिशेने रंधणे, धार तीक्ष्ण ठेवणे, ढलपी पातळ काढणे, तोंड अरुंद ठेवणे आणि कॅप आयर्नचा वापर करणे.

कॅप आयर्न ही पात्यावर स्क्रूने आवळलेली दुसरी लोखंडी पट्टी होय. तिची कड धारेपासून थोडी मागे असते. वर येणारी ढलपी या कडेवर आदळून मोडते, त्यामुळे ती तंतू उचकटण्याइतका जोर लावू शकत नाही. जाड ढलप्या काढताना हे अंतर सुमारे 1 मिलिमीटर किंवा अधिक असते; शेवटच्या नाजूक रंधकामात ते 0.2 मिलिमीटरपर्यंत कमी करतात. पट्टी आणि पाते यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी त्यात ढलपी अडकून तोंड तुंबते. पुष्कळदा टाकाऊ समजल्या गेलेल्या रंध्यात दोष एवढाच असतो.

इतिहास

रोमन काळात रंधा पूर्ण विकसित झालेला होता. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात रोमन रंधे सापडले आहेत. 1545 मध्ये बुडालेले आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेले इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे जहाज लाकडी रंध्यांच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहे, कारण जहाजावरील सुतारांची हत्यारे त्यासोबत मिळाली. दुहेरी पात्याचा, म्हणजे कॅप आयर्न असलेला रंधा अठराव्या शतकात प्रचारात आला.

अमेरिकेत हॅझर्ड नोल्स याला 1827 मध्ये ओतीव लोखंडी रंध्याचे पेटंट मिळाले. पुढे लेनर्ड बेली याने पाते स्क्रूने पुढे-मागे करण्याची सोय विकसित केली. त्याचा व्यवसाय आणि पेटंटे 1869 मध्ये स्टॅन्ले कंपनीने विकत घेतली. आज बहुतेक लोखंडी रंधे याच रचनेवर आधारलेले आहेत. जपानी रंध्याची (कान्ना) परंपरा मात्र वेगळी राहिली. तो ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढतात आणि त्याचे जाड पाते मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा थर जोडून घडवतात. जपानमध्ये केझुरोकाई नावाच्या मेळाव्यांत 10 मायक्रॉनहूनही पातळ ढलप्या काढल्या जातात.

प्रकार

रंध्याची लांबी त्याचे काम ठरवते. लांब तळ लाकडाच्या उंचवट्यांवर टेकून राहतो आणि खळग्यांत उतरत नाही. म्हणून सुमारे 56 सेंटिमीटर लांबीचा रंधा फळीची कड सरळ करण्यास वापरतात. सुमारे 36 सेंटिमीटरचा रंधा सर्वसाधारण कामाला, तर सुमारे 24 सेंटिमीटरचा आखूड रंधा अखेरच्या गुळगुळीतपणासाठी असतो. याशिवाय खाचा, पायऱ्या आणि गोलसर नक्षीच्या कडा काढण्यासाठी वेगवेगळ्या आकाराचे तळ आणि पाती असलेले रंधे असतात.

रंधा तयार करणे

लाकडी रंधा कारागीर स्वतः करू शकतो. पूर्ण वाळलेले, बिनगाठीचे, सरळ रेषांचे कठीण लाकूड निवडतात. युरोपात यासाठी प्रामुख्याने बीच, तर जपानमध्ये ओक वापरतात. भारतात शिसव, बाभूळ यांसारखी लाकडे उपयोगी पडतात. ओलसर लाकडाचा रंधा वाळताना पिळवटतो आणि तळाची सपाटी जाते.

जुन्या पद्धतीत पात्याची जागा अखंड ठोकळ्यातून पटाशीने कोरून काढतात. याहून सोपी पद्धत विसाव्या शतकात जेम्स क्रेनोव्ह (1920–2009) या फर्निचर कारागिराच्या लेखनामुळे आणि अध्यापनामुळे लोकप्रिय झाली. तीत ठोकळ्याच्या दोन्ही बाजू करवतीने कापून वेगळ्या करतात, मधल्या भागात पात्याचा उतार कापून घेतात आणि बाजू पुन्हा डिंकाने चिकटवतात. पाचर अडकण्यासाठी आडवी दांडी बसवतात. तोंड आरंभी मुद्दाम बंद किंवा अतिशय अरुंद ठेवून नंतर कानशीने हळूहळू उघडतात, कारण रुंद झालेले तोंड सहज अरुंद करता येत नाही. पाचर फार घट्ट बसल्यास ठोकळ्याच्या बाजू फाकतात आणि अखेरीस तडकतात. सैल असल्यास पाते थरथरते व पृष्ठभागावर आडवे वळ उमटतात.

पारख

जुना रंधा घेताना किंवा दुरुस्तीस काढताना वरवरचा गंज हा गंभीर दोष मानला जात नाही. बिडाच्या सांगाड्याला तोंडाजवळ गेलेली चीर, पात्याच्या धारेजवळ गंजाने पडलेले खोल खड्डे, झिजून आखूड झालेले पाते आणि लाकडी ठोकळ्याचा पीळ हे दोष अधिक महत्त्वाचे असतात. पात्याच्या टोकावर निळसर डाग दिसल्यास ते कधीतरी वेगाने फिरणाऱ्या सहाणेवर तापले असण्याची शक्यता असते. साध्या कार्बन पोलादाचे पाते सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. असा भाग घासून काढावा लागतो किंवा पात्याला पुन्हा पाणी द्यावे लागते.

पुनरुज्जीवन

प्रथम सर्व भाग सुटे करून त्यांची जागा आणि क्रम नोंदवतात. हलका गंज तेल व बारीक घासणीने निघतो. जास्त गंजलेले भाग व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात ठेवतात; नंतर आम्लाचा अंश खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घालवून भाग तत्काळ कोरडे करतात व तेल लावतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कमी दाबाची एकदिश वीज सोडूनही गंज काढता येतो. यात हत्यार ऋण टोकाला जोडतात. धन टोकाला स्टेनलेस पोलाद वापरल्यास क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात, म्हणून ते टाळतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे जागा मोकळ्या हवेची लागते.

तळ सपाट करण्यासाठी जाड काचेवर पॉलिश कागद पसरून त्यावर रंधा घासतात. या वेळी पाते जागेवर आवळलेले, पण धार तळाच्या आत ठेवलेली असते. कारण पात्याच्या दाबाने सांगाडा किंचित वाकतो आणि कामाच्या वेळची सपाटी त्याच स्थितीत मिळते. संपूर्ण तळ आरशासारखा चकचकीत होण्याची गरज नसते. पुढचे टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले, की रंधा नीट चालतो. लाकडी रंध्याचे झिजून रुंदावलेले तोंड तळात कठीण लाकडाचा तुकडा बसवून पुन्हा अरुंद करतात.

पात्याची पाठ धारेलगत सपाट केल्याशिवाय धार पूर्ण होत नाही. पुढची तिरकी बाजू साधारण 25 अंशांवर घासून निसण्यावर शेवटची धार 30 अंशांना लावतात. ठोकळ्याला जवसाचे तेल लावण्याची पद्धत आहे. या तेलात भिजलेल्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून त्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात.

जतनाचे प्रश्न

रंधा वापरायोग्य करणे आणि त्यावरील इतिहास जपणे ही दोन उद्दिष्टे नेहमी जुळत नाहीत. इंग्लंडमधील लाकडी रंध्यांच्या पुढच्या टोकावर घडवणाऱ्याचे नाव ठशाने उमटवलेले असते आणि त्यालगत एकामागून एक आलेल्या मालकांचीही नावे आढळतात. स्टॅन्लेच्या अनेक रंध्यांवर पेटंटच्या तारखा ओतलेल्या असून त्यांवरून निर्मितीचा काळ ठरवता येतो. ठोकळ्याची कड जिथे अंगठ्याने झिजली आहे, ती झीजही हत्यार कसे धरले जात होते याची नोंद असते. ठोकळा पुन्हा तासल्यास किंवा सर्व धातू यंत्रावर चकचकीत केल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून दुर्मीळ रंध्याचा गंज केवळ थांबवतात, तर मोठ्या संख्येने तयार झालेल्या सामान्य रंध्याचे तळ आणि पाते बिनदिक्कत घासून तो कामाला लावतात.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. हत्याराला धार लावणे, पाचर बसवणे, लाकडाची रेषा ओळखणे ही कौशल्ये प्रामुख्याने घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकली जात. विजेवर चालणाऱ्या रंध्यामुळे श्रम वाचले, पण हे शिक्षण ज्या रोजच्या कामातून मिळत असे ते काम कमी झाले. वस्तुसंग्रहात ठेवलेला रंधा लाकूड, लोखंड आणि ठसे जपू शकतो; त्याची ढलपी कशी निघावी हे ज्ञान मात्र तो चालवणाऱ्याच्या हातातच राहते.