शिवसागराचं पाणी दोन वाटांनी

बामणोलीच्या लाँचवाल्याला तारीख विचारण्याआधी पाण्याची पातळी विचारावी. दिवाळीत लाँच जिथे टेकते, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो आणि काठ खाली सरकलेला असतो. वासोटा किल्ल्यावर निघालेल्या ट्रेकर मंडळींना ही सफर वाटते. पलीकडच्या गावांना मात्र बाजार, दवाखाना गाठायला हीच वाट. तापोळ्याला तराफ्यावर जीपगाड्याही चढतात.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला वाहते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. तिथल्या १०३ मीटर उंच धरणाने साठच्या दशकात तिचं पाणी अडवून हा शिवसागर तलाव तयार झाला. क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). ऑगस्टमध्ये सातारा-सांगलीची वर्तमानपत्रं हा आकडा रोज छापतात, कारण धरण भरत आलं की दरवाजे उघडतात आणि कराड-सांगलीच्या काठावर धास्ती सुरू होते.

खरी गंमत पुढे आहे. नदीचा उतार पूर्वेला, ती कृष्णेला मिळते त्या कराडच्या प्रीतिसंगमाकडे. पण वीज पश्चिमेला तयार होते. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पाणी पोफळीच्या जनित्रांवर कोसळतं. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवून पुन्हा वीज काढतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. संध्याकाळी मागणी चढली की ही जनित्रं काही मिनिटांत चालू करता येतात. औष्णिक केंद्राला ते जमत नाही. मात्र पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीच सोडता येतं, ही पाणीवाटपासाठीच्या कृष्णा लवादाने घातलेली मर्यादा. त्यामुळे उन्हाळ्यात ओढाताण ठरलेली: दिवे हवेत की कृष्णाकाठच्या उसाला पाणी?

वीजनिर्मितीच्या चौथ्या टप्प्यासाठी तलाव रिकामा न करता त्याच्या तळाला भोक पाडायचं होतं. खालून बोगदा खणत आणला, वर कातळाचं बूच शिल्लक ठेवलं आणि १३ मार्च १९९९ला ते सुरुंगाने उडवलं. फुटलेला दगड जनित्रांकडे जाऊ नये म्हणून बोगद्याच्या तोंडाशी खड्डा आधीच खणलेला होता. २०१२मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. १९६७च्या भूकंपात तडे गेलेल्या धरणामागचा तलाव! अशा ठिकाणी हे काम अंगावर घेणाऱ्यांचं धाडस मानायलाच हवं.

वीजनिर्मितीसाठी वापरून झालेलं पाणी वाशिष्ठी नदीत जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या वाड्यांच्या शेजारून ते दाभोळच्या खाडीला मिळतं.