एका दिवसाची सीमापार पदयात्रा

नर्मदा अमरकंटकाच्या पठारावर उगम पावते आणि सुमारे १,३१२ किलोमीटर वाहून भडोचच्या पुढे खंभातच्या आखातास मिळते. या नदीला सतत उजव्या हाताशी ठेवून, एका काठाने समुद्रापर्यंत जावयाचे आणि दुसऱ्या काठाने परत उगमाकडे यावयाचे, अशी पायी प्रदक्षिणा घालण्याची चाल आपल्या देशात फार जुनी आहे. तिला नर्मदेची परिक्रमा म्हणतात. दोन्ही काठ मिळून ही वाट २,६०० किलोमीटरांहून अधिक भरते. ती चालणाऱ्या परिक्रमावासीयाने मध्येच नदी ओलांडावयाची नसते. जेथे नदी समुद्राला मिळते, तेथेच तो नावेत बसून पलीकडच्या तीरास जातो.

नर्मदा महाराष्ट्रात शिरत नाही, केवळ त्याच्या वायव्य कोपऱ्याला स्पर्श करून जाते. सुमारे ७४ किलोमीटरपर्यंत ती राज्याची सीमा आहे. पलीकडे आधी मध्य प्रदेश व मग गुजरात. असे असता परिक्रमेची एक वाट खानदेशाच्या सपाटीवर, तापीच्या खोऱ्यापर्यंत खाली उतरते, याचे कारण सातपुड्यात शोधले पाहिजे. दक्षिण काठाने बडवानीपर्यंत आलेल्या परिक्रमावासीयापुढे शूलपाणीची झाडी म्हणून प्रसिद्ध असलेला दुर्गम डोंगराळ मुलूख उभा राहतो. काही जण त्या डोंगरातूनच धडगावच्या बाजूने जातात. इतर अनेक जण मात्र पानसेमल, खेतिया या मार्गाने डोंगर मागे टाकून शहाद्यास येतात आणि प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे चालत गुजरातेत प्रवेश करतात. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून काठाची जुनी पाऊलवाट तर पुष्कळ ठिकाणी उरलीच नाही. या धरणामुळे एकट्या महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या क्षेत्रात आली. नदीची वाट अशी नदीपासून दूर गेली. हे तालुके पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला.

संपूर्ण परिक्रमा करणे थोड्यांनाच साधते. परंतु तिचा एक दिवसाचा टप्पा, आणि तोही दोन राज्यांना जोडणारा, जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थ्यांनाही चालून पाहता येईल. हा टप्पा म्हणजे मध्य प्रदेशातील खेतियापासून महाराष्ट्रातील शहाद्यापर्यंतचा सुमारे २० किलोमीटरांचा रस्ता होय. परदेशांतही अशी प्रथा आहे. अमेरिकेत ॲपलेशियन पर्वतावरून १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरांची पायवाट १९३७ साली पूर्ण झाली. सबंध वाट एका हंगामात चालणारे लोक मोजके असतात. पण हार्पर्स फेरी या गावी पोटोमॅक नदीवरील पूल पायी ओलांडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे व संध्याकाळी घरी परतणारे लोक पुष्कळ भेटतात. मात्र एक दिवसाची चाल ही थोडी म्हणून सोपी, असा समज कोणी करून घेऊ नये. परिक्रमावासी दमला तर वाटेतल्या गावी मुक्काम करतो. एका दिवसाच्या प्रवाशाला ती मुभा नसते. त्याला त्याच दिवशी, उजेडात, ठरल्या ठिकाणी पोहोचावेच लागते.

म्हणूनच अशा चालीची आखणी सकाळपासून न करता सूर्यास्तापासून मागे मोजीत करावी लागते. डिसेंबरच्या अखेरीस शहाद्याच्या बाजूला सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो आणि सहाला पाच मिनिटे असताना मावळतो. आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाशही फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासात अंधार दाटतो. उसाच्या हंगामात या भागातील रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रीघ असते आणि त्यांतील कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधार पडल्यावर थकलेल्या मुलांची रांग अशा रस्त्यावर असणे म्हणजे जिवाशी खेळ होय. तेव्हा सायंकाळी ५ च्या आत शहादा गाठलेच पाहिजे, ही पहिली अट.

आता वेळेचा हिशेब मांडू. धडधाकट प्रौढ मनुष्य सपाट रस्त्याने तासाला चार-पाच किलोमीटर सहज चालतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरतात: दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. म्हणजे कोणी तोरणमाळच्या पठाराकडे सुमारे एक हजार मीटर चढून जाणार असेल, तर अंतराला लागणाऱ्या वेळेत त्याने पावणेदोन तासांच्या आसपास भर घातली पाहिजे. खेतिया-शहादा हा मार्ग सपाटीचा व किंचित उताराचा असल्याने चढाचा प्रश्न येथे नाही. पण नेस्मिथचा वेग एकट्या, सरावलेल्या माणसाचा आहे. चाळीस मुलांची तुकडी तासाला साडेतीन किलोमीटर चालली तरी पुष्कळ झाले. त्या गतीने २० किलोमीटरांस पावणेसहा तास लागतात. दर तासाला दहा मिनिटे विसावा, एक तास जेवणाला, आणि बूट बांधणे, पाणी भरणे, मागे राहिलेल्याची वाट पाहणे यांत जाणारा निदान अर्धा तास धरला, म्हणजे एकूण आठ तास होतात. हा अर्धा तास कागदावर कोणी धरीत नाही, आणि बहुतेक योजना तेथेच फसतात.

सकाळी ८ वाजता खेतिया सोडले तर साडेअकराच्या सुमारास मध्य गाठला जाईल, साडेबारापर्यंत जेवण आटोपेल आणि ४ वाजता शहादा येईल. सूर्यास्तास त्या वेळी सुमारे दोन तास उरलेले असतील. ही शिल्लक वाटेत उधळण्यासाठी ठेवलेली नाही. कोणाचा पाय मुरगळला किंवा कोणाला भोवळ आली, तर उपयोगी पडावी म्हणून ती ठेवावयाची. याशिवाय निर्णयाची एक वेळ आधीच ठरवून सर्वांना सांगून ठेवावी. दुपारी १ पर्यंत तुकडी मध्यावर पोहोचली नाही, तर जेवण आणि उरलेली चाल मिळून साडेपाच वाजतील. म्हणजे शिल्लक जवळजवळ संपली. अशा वेळी पुढचे अंतर गाडीने जावे. हा निर्णय आदल्या दिवशी घरी, शांत चित्ताने घ्यावयाचा असतो. वाटेत तो घेऊ म्हटले, तर उत्साही मुलांच्या आग्रहापुढे शिक्षकांचेही चालत नाही.

गाडीने आधी जावे आणि पायी परत यावे, हे दुसरे सूत्र. शहाद्याहून पायी निघून खेतियास पोहोचावे व तेथून शेवटच्या गाडीने परतावे, असे ज्यांना सुचते त्यांनी ती गाडी चुकली तर काय, याचा विचार केलेला नसतो. चाळीस मुले परराज्यातील स्थानकावर रात्री अडकून पडतील. उलट सकाळच्या गाडीने खेतियास जाऊन घराच्या दिशेने चालू लागले, म्हणजे प्रत्येक पावलागणिक घर जवळ येते. योगायोगाने परिक्रमेची दिशाही हीच आहे. गाडीची वेळ मात्र शहाद्याच्या आगारात प्रत्यक्ष विचारून घ्यावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

सीमा ओलांडताना काय घडते? पाहावयास गेले तर काहीच नाही. पायी जाणाऱ्याला तेथे परवाना लागत नाही. पाटीवरील मजकूर हिंदीचा मराठी होतो, लिपी तीच राहते. वाहनांच्या पाट्यांवर एम.पी. ४६ ऐवजी एम.एच. ३९ दिसू लागते. या सीमेचे मूळ इतिहासात आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला, तर सातपुड्याचा पलीकडील बराच भाग होळकर व बडवानी यांसारख्या संस्थानिकांकडे राहिला. ती संस्थाने १९४८ साली मध्य भारतात आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. निसर्गाला ही रेषा ठाऊक नाही. नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांना वेगळे करणारा सातपुड्याचा कणा खेतियाच्या बराच उत्तरेला राहतो. म्हणून खेतियाच्या शिवारात पडलेला पाऊस मध्य प्रदेशात पडूनही नर्मदेस मिळत नाही. तो शहाद्यावरून वाहणाऱ्या गोमाईच्या वाटेने प्रकाशाजवळ तापीत जातो. बोलीही अशाच रेषेपलीकडे पसरल्या आहेत. पावरी व भिल्ली दोन्हीकडील डोंगरपाड्यांत ऐकू येतात.

तरी योजना करणाऱ्याने ही रेषा नकाशावर ठळक आखून घ्यावी. अपघात घडला, तर कोणत्या राज्याचे पोलीस ठाणे व कोणते रुग्णालय जवळ, हे त्या रेषेवर अवलंबून असते. ११२ हा साहाय्याचा क्रमांक दोन्हीकडे चालतो. परंतु आपण रेषेच्या कोणत्या अंगाला आहोत, हे सांगता आले पाहिजे. वाट जंगलातून असेल तर गोष्ट अधिक नाजूक होते. जळगाव जिल्ह्यात यावलचे अभयारण्य (१९६९) व धुळे जिल्ह्यात अनेर धरणाचे अभयारण्य (१९८६) आहे. अशा क्षेत्रात वनखात्याच्या परवानगीवाचून शिरता येत नाही, आणि महाराष्ट्राची परवानगी पलीकडील मध्य प्रदेशाच्या वनात चालत नाही. विद्यार्थ्यांच्या पहिल्या पदयात्रेसाठी डोंगराऐवजी सडक निवडणे शहाणपणाचे ठरते, ते यासाठीच.

अंतर मोजण्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा उत्तम. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. रस्त्याच्या वळणांवरून ओला दोरा ठेवीत जावे व मग तो पट्टीवर मोजावा. सुमारे ४० सेंटिमीटर दोरा भरेल. वाटेतील गावे, पाण्याच्या जागा व थांबे यांवर खुणा कराव्यात.

ऋतूविषयी परिक्रमावासीयांचा जुना दंडक पाहण्यासारखा आहे. चातुर्मासात ते चालत नाहीत. कार्तिकी एकादशीनंतर वाटेला लागतात. या नियमाला धर्माचे रूप असले, तरी पावसाळ्यात ओढे-नाले तुडुंब असतात, हे व्यवहारज्ञानही त्यात आहेच. खानदेशात त्यास उन्हाळ्याची जोड द्यावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत ही चाल करणे हा अविचार होय. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी व दुपारी कोरडे ऊन असते. थंडीमुळे तहान जाणवत नाही, तरी अंगातील पाणी कमी होतच असते. दिवसभरात प्रत्येकी तीन लिटर पाणी धरावे. दोन लिटर बरोबर घ्यावे व मध्यावरील गावी पुन्हा भरून घ्यावे. दोन लिटर म्हणजे दोन किलो ओझे, हे पिशवी भरताना ध्यानात असू द्यावे. शिदोरीला दुधात भिजवलेली दशमी चांगली, ती वाळत नाही. कळण्याची भाकरी व ठेचा यांचा मोह खानदेशी माणसाला आवरत नाही खरा. पण त्या ठेच्याने लागलेली तहान भागवायला पाण्याचा वेगळा हिशेब करावा लागेल.

उरला प्रश्न चालणाऱ्यांचा. आधीच्या महिन्यात रविवारी पाच, मग दहा किलोमीटर अशी सवय करावी. रस्त्यावरील दोन किलोमीटर-दगडांमधील अंतराला किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून पाहिले, म्हणजे तुकडीचा खरा वेग कळतो. या सरावातच सर्वांत सावकाश चालणारा विद्यार्थी कोण, हेही उमगते. त्याला रांगेच्या मागे ठेवण्याची रीत चुकीची आहे. पुढचे विसाव्याला बसतात. हा धापा टाकीत पोहोचतो तोच ते उठून चालू लागतात, आणि ज्याला विश्रांतीची अधिक गरज त्याला ती मुळीच लाभत नाही. त्याला पुढे, पहिल्या शिक्षकांच्या लगोलग ठेवावे व सर्वांनी त्याच्या चालीने चालावे. एक शिक्षक अखेरीस असावेत आणि त्यांच्या मागे कोणीही नसावे. रांग रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशी, एकेरी असावी. पायांत वापरलेले बूट हवेत. नवे बूट पाय चावतात. टाचेला जळजळ होताच थांबून पट्टी लावली, तर फोड टळतो. लाजेने गप्प बसलेला मुलगा पुढे लंगडू लागतो व सगळ्यांचा तास खातो.

शहाद्यास पोहोचताच प्रथम मुलांची गणती करावी. मग आखणीच्या वहीत प्रत्येक थांब्यासमोर ठरवलेल्या वेळेशेजारी प्रत्यक्ष पोहोचल्याची वेळ लिहावी. तुकडी साडेतीनऐवजी तासाला तीनच किलोमीटर चालली असे निघाले, तर पुढील वर्षी शहाद्याहून तापीकाठच्या प्रकाशापर्यंतचा बारा-तेरा किलोमीटरांचा टप्पा आखताना तोच आकडा धरावा. त्याच वाटेने परिक्रमावासी दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे निघालेले असतात.